पाठमोरा ससा

दारावरची लव्हाळ्याची चटई झरकन वर गेली आणि आतून अशी आरोळी उठली की अंगणातल्या टर्क्या फडफडत भिंतीवर जाऊन बसल्या.

आरोळी सुईणीची होती. लढाईतून शत्रूला जिवंत धरून आणणाऱ्या वीरासाठी जी ठोकतात तीच आरोळी आमच्याकडे बाळंतिणीसाठी ठोकतात. तिनेही एक जीव धरून आणलेला असतो. वेशोत्ला गावच्या त्या चिंचोळ्या गल्लीत आरोळी घुमली, शेजारणी भिंतींवरून वाकून पाहू लागल्या, सूर्य डोंगराच्या खांद्यावर नुकता टेकला होता, आणि नेमक्या त्याच क्षणाला देवळाकडून नगारे सुरू झाले. धडाम्! धडाम्! असा प्रवेश एखाद्या नटाला जन्मात एकदा मिळाला तरी तो कृतार्थ होईल. त्या दीड वितीच्या पोरीला तो पहिल्याच श्वासाला मिळाला.

सगळ्या गल्लीला आनंद झाला, एका बाईचा चेहरा मात्र उतरला. ती चुलीपाशी पेजेचं भांडं घेऊन उभी होती. अंगाने किरकोळ, बोटांच्या पेरांत काजळी मुरलेली, उजव्या अंगठ्याच्या नखाला कायमचा लाल रंग. शोको तिचं नाव. शोको म्हणजे शेंडेफळ. चार बहिणींच्या पाठची ही पाचवी. धंद्याने चितारीण. आणि आतली बाळंतीण म्हणजे तिची एकुलती एक मुलगी, सेंतेवा.

नगारे कशाचे वाजतायत ते शोकोला पक्कं ठाऊक होतं. काल होता एक-हरीण. उद्या तीन-पाणी, परवा चार-कुत्रा, तेरवा पाच-माकड. आणि आज, अगदी आजच, दोन-ससा. ताडीच्या देवांचा दिवस! आज देवळाच्या पटांगणात दगडी कुंड घायपाताच्या पांढऱ्या फेसाळ ताडीने काठोकाठ भरायचं आणि केस पिकलेल्या, नातवंडं पाहिलेल्या म्हाताऱ्याकोताऱ्यांनी भोवती बसून वेताच्या नळ्यांनी ती ओढायची. तरण्याताठ्यांना वासही घ्यायची मुभा नाही. आणि ज्या दिवशी माणूस जन्मतं त्या दिवसाचं जनावर जन्मभर त्याच्या पायात पायात चालतं. दोन-सशाला जन्मलेलं मूल त्या कुंडात पडलंच म्हणून समजा. अंगावरचं लुगडं विकून पिणार, रस्त्यात लोळणार, स्वतःच्या मुलांची नावं विसरणार. लहान पोरांनाही हे तोंडपाठ होतं.

गेले आठ दिवस शोको मुलीच्या पोटाशी तोंड नेऊन विनवण्या करत होती. "एक-हरणाला ये, नाहीतर तीन-पाण्याला ये. पण मधल्या दिवशी पाय बाहेर काढू नकोस गं माझे आई!" पण नातवंडांनी आजीचं कधी ऐकलंय?

तेवढ्यात विहीणबाई आल्या. नेकावाल त्यांचं नाव. आवाज असा की कुजबुजल्या तरी तलावाच्या पलीकडे ऐकू जावं.

"काय झालं हो?"

"मुलगी."

"आणि दिवस?"

"नगारे ऐकू येतायत ना, विहीणबाई?"

नेकावालने कपाळाला हात लावला. "म्हणजे आजीवर गेली म्हणायची! आमच्या घराण्यात आजवर कुणाचं पाऊल वाकडं पडलं नव्हतं हो."

"तुमचे सासरे मागच्या दोन-सशाला कुंडात पडले होते."

"ते म्हातारे होते! त्यांना परवानगी होती!"

"प्यायची होती. पोहायची नव्हती."

भिंतीवरच्या शेजारणी खिदळल्या. शोकोलाही क्षणभर हसू आलं, पण ते तिच्या ओठांवर टिकलं नाही. विहीण बोलली होती ते खरं होतं. शोको स्वतः दोन-सशाची.

तिचा जन्म झाला तेव्हा ती एवढी अशक्त होती की सुईणीने सांगितलं, ही संध्याकाळ पाहत नाही. एरवी वाईट दिवशी मूल जन्मलं तर दिवस वाचणारा त्याच तेरा दिवसांच्या ओळीतला एखादा बरा दिवस काढून देतो, त्या दिवशी बाळाला न्हाऊ घालतात, नाव ठेवतात, आणि मग चांगल्या दिवसाचं जनावर वाईटावर पांघरूण घालतं. पण मरायला टेकलेल्या पोरीसाठी दिवस कोण बघत बसणार? तिला तिथेच, त्याच दिवशी न्हाऊ घातलं. आणि ती जगली. तिथेच पंचाईत झाली!

लहानपणी ती ठेच लागून पडली तरी बायका म्हणायच्या, "बघा, सुरू झालं." लग्नाच्या पंगतीत ती बसली की शेजारचं मडकं कुणीतरी हळूच पलीकडे सरकवायचं. तिने आयुष्यात थेंब चाखला नव्हता. दोन-सशाचे नगारे वाजले की ती दाराची चटई खाली सोडून आत बसायची आणि कानात बोटं घालायची.

एकोणीस वर्षांची झाली तोवर दोन स्थळं आली आणि दिवस ऐकून दारातूनच परत गेली. त्याच वर्षी तिच्या बापाकडे मोठं काम आलं. बाप नावाजलेला चितारी. मुलगा नव्हता म्हणून कुंचला त्याने धाकटीच्या हातात दिला होता. गावचा दिवस वाचणारा सोलीन याला नवी पोथी हवी होती. सालीच्या कागदाची, चुन्याचा हात दिलेली, घडी घालून मिटणारी, सगळ्याच्या सगळ्या दोनशेसाठ दिवसांची. बाप तापाने लुळा पडलेला. "तूच रंगव," तो म्हणाला. "मी नुसता बघेन."

आणि तिने रंगवली! काय ती जनावरं! खडबडीत पाठीची मगर अशी की कागदावर हात ठेवायला भीती वाटावी. सरडा उन्हात ताणून दिलेला. साप वेटोळं सोडता सोडता थांबलेला. कान फाटलेला कुत्रा, शेपटीने आपलंच डोकं खाजवणारं माकड, दात विचकणारा वाघ, पिसारा फुलवलेला गरुड, टकल्या गिधाडाच्या कानात लोंबता डूल. काजळीची रेघ एका दमात ओढायची, मग निवडुंगावरच्या किड्यांचा लाल भरायचा. बाप पडल्या पडल्या बघायचा आणि डोळे पुसायचा. ताप होता म्हणे.

तिसऱ्या ओळीत ती दोन-सशापाशी आली. नियम असा की सगळ्या जनावरांनी दिवस जिकडे चाललेत तिकडे बघायचं. हरणाने सशाकडे, सशाने पुढच्या चौकोनाकडे. आणि पुढच्या चौकोनात काय? तीन-पाणी. भांड्यातून उसळणारं, वर ताडीसारखा पांढरा फेस आलेलं. सशाचं नाकाड थेट त्या फेसात! जिथे तिथे, प्रत्येक पोथीत, तो बिचारा वर्षानुवर्षं त्या भांड्याकडे टक लावून बसलेला. दुसरं स्थळ परत गेलं होतं ते त्याच दिवशी सकाळी. शोको कुंचला हातात धरून किती वेळ बसली कोण जाणे. मग तिने ससा फिरवला. भांड्याकडे पाठ, तोंड मागच्या हरणाकडे. कान ताठ. जणू म्हणतोय, नाही पीत, जा!

रंग वाळला. बापाच्या लक्षात आलं नाही, की त्याने येऊ दिलं नाही, देव जाणे. पोथी सोलीनच्या घरी गेली.

आता हे काही पोरखेळाचं पाप नव्हे. त्या पोथीवरून गाव लग्न लावतं, पेरतं, प्रवासाला निघतं. दिवसांच्या पोथीत स्वतःच्या मनचं घालणाऱ्या चिताऱ्याचा कुंचला जातो, आणि त्याबरोबर बापाचं नावही जातं. शोकोने पुढे परगावांसाठी आणखी पोथ्या रंगवल्या. त्यांत ससा नियमाप्रमाणे सरळ बसवला. पण तो पहिला ससा तीस वर्षं तिच्या छातीवर बसून होता.

लग्न मग झालं. क्वेत्स्पाल नावाचा कागद कुटणारा गडी एक दिवस दारात येऊन उभा राहिला. "मी सरड्याच्या दिवसाचा आहे," तो म्हणाला. "सरडा कितीही उंचावरून पडला तरी त्याला लागत नाही. तेव्हा तुझ्याशी लग्न करायला माझी हरकत नाही." पुढे तो दोनदा छपरावरून पडला आणि दोन्ही वेळा कपडे झटकत उठला. सरड्याचं भाकीत शेवटपर्यंत खरं ठरलं; तो गेला तो चटईवर निजून, खोकल्याने. शोको त्याची आठवण काढून हसायची.

असो. तर त्या सकाळी सोलीनला बोलावणं गेलं आणि शोको पेज ढवळायची विसरली. कारण गावात दिवस वाचायची पोथी एकच होती. तीच.

म्हातारा काठी टेकत आला. बगलेत कापडात बांधलेली पोथी. चटईवर बसला, पेज घेतली, मिशीला लागलेली पुसली.

"वेळ कुठली?"

"अंधारच होता हो!" नेकावाल घाईघाईने म्हणाली. "म्हणजे कालचाच दिवस धरा. एक-हरीण. किती गुणाचं जनावर!"

"सूर्य डोंगरावर होता," आतून सुईण ओरडली.

"चुलीचा उजेड असेल!"

"चाळीस वर्षं बाळंतपणं करतेय. सूर्य आणि चूल यातला फरक मला कळतो!"

सोलीन हसला आणि त्याने गाठ सोडली. एकेक घडी उलगडत गेली. मगर आली, सरडा आला, साप आला. तीस वर्षांत कडा झिजल्या होत्या, पण रंग असा की जणू काल भरला. शोकोने आपला एकोणीस वर्षांचा हात ओळखला आणि तिला वाटलं, किती धीट होते मी! बाहेर नगारे टिपेला पोचले होते. शेजारणी भिंतीवरून उतरून अंगणात आल्या होत्या.

म्हाताऱ्याचं बोट हरणावरून पुढे सरकलं आणि थांबलं.

"शोको."

"जी, बाबा."

"हा ससा मागे तोंड करून का बसलाय?"

नेकावाल पुढे वाकली. "अगं बाई! उलटाच की हा! पोथीच चुकलेली!"

शोकोसमोर दोन दारं उघडी होती, आणि दोन्ही सोपी. म्हणावं, वडिलांच्या हातून झालं. बाप गेला होता, आणि मेलेल्या माणसाच्या नावावर काहीही खपतं. किंवा म्हणावं, असाच असतो, नीट वाचा. मग नातीचं भाकीत आपोआप गोड झालं असतं. आत बाळ रडायला लागलं. चांगलं खणखणीत.

"मी फिरवला," शोको म्हणाली.

"चुकून?"

"नाही. मुद्दाम." तिचे शब्द सुटे सुटे पडले. "तो सारखा त्या भांड्याकडे बघत होता, बाबा. प्रत्येक पोथीत तेच. जन्मल्यापासून सगळे मला म्हणाले, तू पिणार, तू पिणार. मला वाटलं, त्याला एकदा तरी विचारावं, तुला खरंच प्यायचीय का? म्हणून मान वळवली. मला काय करायचं ते करा. कुंचला हवा तर हा घ्या. पण त्या पोरीला आजच्या दिवशी न्हाऊ घालू नका."

तिने कमरेचा कुंचला काढून चटईवर ठेवला. नेकावालने तोंड उघडलं आणि, आश्चर्य बघा, परत मिटलं.

सोलीनने कुंचला उचलला, बोटाने त्याचे केस सारखे केले, आणि म्हणाला, "मला पहिल्याच दिवशी दिसलं होतं."

"काय?"

"डोळे माझे आता गेलेत, तेव्हा नव्हते गेले. पोथी घरी नेली, उघडली, आणि बघतो तर हा पठ्ठ्या पाठ करून बसलाय! चार दिवस झोपलो नाही. परत द्यावी की ठेवावी? पाचव्या दिवशी एक बाई आली, कडेवर दोन-सशाचं पोर. जुन्या पोथीवरून मी सांगायचो तेव्हा आईबाप अशा पोराकडे तडकलेल्या मडक्याकडे बघावं तसं बघायचे. उद्या फुटणार, तर आज कशाला जपायचं? त्या बाईला मी हा ससा दाखवला. म्हटलं, ससा आहे खरा, पण त्याला मान आहे, आणि ती वळते. त्या बाईने पोराला असं छातीशी धरलं म्हणतेस!"

"मग कुणीच प्यायलं नाही?" एका शेजारणीने विचारलं.

"प्यायले की. तो मिठागरवाला प्यायला, बुडून मेला. त्याला ससा नाही वाचवू शकला. पण बाकीचे निदान वाढले तरी माणसासारखे."

"मग तीस वर्षं गप्प का बसलात?" शोको आता चिडली होती. भीती गेली की आधी राग येतो. "मी रात्र रात्र तळमळतेय आणि तुम्हाला माहीत होतं?"

"तू सांगतेस का, याची वाट बघत होतो. चूक असती तर आज तुझ्याकडून खोडून घेतली असती. ही पोथी आता माझ्या पुतण्याकडे जाणार. त्याला देताना मला सांगता यायला हवं, की हा हात घसरलेला नाही." त्याने कुंचला तिच्या हातात परत दिला. "आता मुद्द्याचं बोला. न्हाऊ कधी घालायचं? चौथा दिवस येतो पाच-माकड. नाहीतर थांबा, सात-वेत चांगला आहे, प्रतिष्ठेचा."

"सात-वेत!" नेकावाल लगेच म्हणाली. "माकडाच्या दिवसाची पोरं नकला करतात, नाचतात, लोकांना हसवत फिरतात. शोभेल का?"

आणि तेव्हा आतून, चटईच्या आडून, इतका वेळ गप्प पडलेली सेंतेवा ओरडली. सुईणीच्या आरोळीपेक्षाही मोठ्याने! "माकड! मला माकड पाहिजे! या घरात एवढी वर्षं सगळे सशाला घाबरून बसले. मला हसणारी पोर हवी!"

अंगणात असा हशा आणि असा गलका उठला की देवळातल्या नगारेवाल्यांना वाटलं असेल, आपल्यालाच दाद मिळाली.

चौथ्या दिवशी पहाटे, पाच-माकडाला, अंगणात पाण्याची परात मांडली. मुलगी म्हणून बोटाएवढी सूत कातायची चाती आणि बोटाएवढा झाडू ठेवला. सुईणीने पाणी शिंपलं, नाव घेतलं. आणि कुणी बघत नाही असं पाहून शोकोने त्या झाडूशेजारी एक कुंचला सरकवला. नेकावालने तो पाहिला. पाहिला, आणि आपल्या पदराने वाऱ्याला आडोसा केला, उडून जाऊ नये म्हणून.

पोरगी सगळ्या गल्लीची माकडी झाली. चालायच्या आधी चढायला शिकली. पाच वर्षांची असताना नेकावालची चाल आणि आवाज असा हुबेहूब करायची की लोक पोट धरून लोळायचे; आणि सगळ्यांत मोठ्याने कोण हसायचं? नेकावाल. हाताने मात्र आजीची होती. दहाव्या वर्षी तिने काढलेल्या कुत्र्यावर शेजारचा खरा कुत्रा भुंकला, असं शोको सगळ्यांना सांगायची. कुत्रा त्या गल्लीत सगळ्यांवरच भुंकायचा, हे ती सांगत नसे.

माकडी एकोणीस वर्षांची झाली त्या वर्षी सोलीनची पोथी घड्यांवर फाटायला लागली. म्हातारा केव्हाच गेला होता. पुतण्या पोथी घेऊन आला. नवी प्रत करायला माकडी बसली. शोकोचे डोळे अधू झाले होते. ती शेजारी बसायची आणि नुसत्या वासावरून सांगायची, "लाल पातळ झालाय, आणखी किडे कूट." तिसऱ्या ओळीत माकडीचा हात थांबला.

"आजी, याला कसा बसवू? तुझ्यासारखा, की नियमाप्रमाणे?"

शोको बोलली नाही. त्या दिवशी नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. चौकोन कोरा ठेवून माकडी पुढे गेली.

मग दोन-ससा उजाडला. नगारे वाजले. माकडी सवयीने दाराची चटई खाली सोडायला गेली, तर म्हातारी उठून उभी. "राहू दे वर. मला देवळाकडे ने."

गल्ली दंग झाली! सत्तरीला टेकलेली शोको नातीच्या खांद्यावर हात ठेवून पटांगणात आली. केस कधीचे पिकलेले, नात समोर उभी; हक्क पुरेपूर होता, तो तिने एकदाही वापरला नव्हता. कुंडाभोवतीच्या म्हाताऱ्यांनी सरकून जागा केली. नेकावालनेच तिच्या हातात नळी दिली. "घे गं बाई. आता तुला बोलायची कुणाची हिंमत आहे?"

शोकोने नळी फेसात बुडवली. ओठांना लावली. सबंध पटांगण श्वास रोखून बघत होतं. नगारेवाल्याचीही काठी हवेत थांबली. एक घोट. गालात घोळवला. गिळला. मग कपाळाला आठ्या, नाक मुरडलेलं, आणि तो सुरकुतलेला चेहरा असा झाला की माकडीने त्याची नक्कल पुढे जन्मभर केली.

तिने नळी बाजूला ठेवली. पुन्हा हात लावला नाही.

घरी माकडीने तिला पाठुंगळी आणली. वाटभर म्हातारी आतल्या आत हसत होती, तिचं पोट पाठीवर हलत होतं. अंगणात उन्हात चटई टाकून तिला निजवलं. तिने डोळे मिटून विचारलं, तो चौकोन अजून कोराच आहे ना? माकडी म्हणाली, कोराच आहे. दुसऱ्या दिवशी, तीन-पाण्याला, शोको उठली नाही. त्यामुळे त्या उन्हात ती जे बोलली तेच तिचं शेवटचं बोलणं.

"आंबट असते गं नुसती! एवढ्यासाठी मी जन्मभर दार लावून बसले? जा, त्याला आता सरळ बसव. मागे बघून बघून मान अवघडली असेल बिचाऱ्याची."